दुधी काचेची खरखरीत बाजू

मोजणीबाईंना आयुष्यात कुणी फसवलं नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंदबिनंद काही नसायचा. दप्तरातली नोंद वाचून दाखवावी तशा सांगायच्या. त्यांचा नवरा, बस डेपोतला निवृत्त टाइमकीपर, लगेच पुस्ती जोडायचा, "फसवायला माणूस आधी जवळ यावा लागतो. हिच्या जवळ यायची कुणाची छाती आहे?" आणि स्वतःच हसायचा. बाई हसायच्या नाहीत. हा हसतोय म्हणजे कशावरून तरी आपलं लक्ष उडवतोय, असं त्यांच्या मनात यायचं.

आता त्यांना तरी नावं कशी ठेवायची? चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. एका ताटात जेवलेले सख्खे भाऊ बांधावर आले की एकमेकांच्या जिवावर कसे उठतात, ते त्यांनी शेकड्यांनी बघितलं. एका गृहस्थानं तर हद्दीचा दगड चार हात सरकवून त्यावर शेवाळसुद्धा चिकटवलं होतं. "पिढ्यान्‌पिढ्या इथंच आहे बाई, शेवाळ बघा की!" बाईंनी बघितलं. शेवाळ नेमकं उन्हाच्या बाजूला. "शेवाळालाही आता ऊन सोसायला लागलं वाटतं," एवढंच म्हणाल्या आणि दगड उचलायला लावला. खाली हिरवंगार गवत दबलेलं. गृहस्थाचं तोंड एवढंएवढंसं झालं. अशा माणसांत चौतीस वर्षं काढल्यावर कुणी "बसा, चहा घ्या" म्हणालं तरी बाईंना आधी कपाचा तळ बघावासा वाटायचा.

आणि माणसांचं सोडा, यंत्रसुद्धा खोटं बोलतं, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. दुर्बिणीतून लांबची खूण एकदा बघायची, आकडा लिहायचा. मग दुर्बीण पालथी करायची, यंत्र अर्धं फिरवायचं आणि तीच खूण पुन्हा बघायची. दोन्ही आकड्यांची सरासरी काढली की यंत्राचा खोटेपणा गळून पडतो. शेवटी यंत्र पुन्हा मूळ स्थितीत आणायचं आणि वहीत लिहायचं, 'पूर्ववत'. बाईंनी ही रीत घरातही आणली होती. बाहेर पडताना नवऱ्याला विचारायच्या, "दार लावलंत ना?" तो म्हणायचा, "लावलं." कोपऱ्यावर गेल्यावर विचारायच्या, "दार उघडं तर नाही ना राहिलं?" बिचारा म्हणायचा, "नाही गं बाई." मग पुढं चालायच्या.

अशा बाईला निवृत्त झाल्यावर कॅमेऱ्याचं वेड लागलं. तेही साधंसुधं नाही. कचेरीतल्या शेवटच्या आठवड्यात नकाशांची जुनी कपाटं रिकामी करताना त्यांना एक भला मोठा फोटो सापडला. त्यांनीच तीन वेळा मोजलेलं खोरं होतं ते, पण त्यांच्या जन्माच्या आधीचं. बाईंनी सवयीनं भिंग काढलं आणि लबाडी शोधायला बसल्या. एक तास गेला. फोटोत लबाडी नव्हती. पायाजवळच्या गवताचं पातं मोजता येत होतं आणि लांबच्या टेकडीवरचा धोंडाही मोजता येत होता. आपण त्या टेकडीकडं चौतीस वर्षं दुर्बिणीतल्या फुलीआडून बघितलं, आणि टेकडी कधी बघितलीच नाही, असं त्यांना वाटलं. त्या उठून पाणी पिऊन आल्या.

असा फोटो काढायला तळहाताएवढी मोठी फिल्म लागते, आणि तेवढ्या फिल्मचा कॅमेरा लागतो: पुढं लेन्सची पाटी, मागं दुधी काच, मधे लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा काळा भाता. डोक्यावरून काळं कापड घेऊन दुधी काचेवर चित्र जुळवायचं, मग काचेच्या जागी फिल्म सरकवायची. बाईंनी ठरवलं, असा कॅमेरा घ्यायचा आणि ते खोरं आपण काढायचं. त्यासाठी एक रक्कम बाजूला टाकली. तिच्यावर एक पैसा चढवायचा नव्हता. घाई एवढ्याचसाठी, की गुडघे अजून तीन वर्षं टेकडी चढतील असं डॉक्टर म्हणाला होता. बाईंनी त्यातलं एक वर्ष स्वतःच कमी केलं. डॉक्टर लोक बरं वाटावं म्हणून वाढवून सांगतात.

कॅमेरा निवडायला त्यांनी सात महिने घेतले. नवा कोरा मागवायचा तर त्याची किंमत ऐकून नवरा म्हणाला, "एवढ्यात टेकडीच येईल की घरी!" तो विषय तिथंच संपला. मग मोबाइलवर जुने कॅमेरे शोधणं सुरू झालं. दोन वेगळ्या गावांतले दोन वेगळे विक्रेते, पण दोघांच्याही फोटोत कॅमेऱ्याखाली तोच टेबलक्लॉथ, इस्त्रीनं जळाल्याचा डाग त्याच कोपऱ्यात. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. दोघांनाही एकच निरोप पाठवला, 'टेबलक्लॉथ केवढ्याला देणार?' उत्तर आलं नाही.

पुढं एका वर्तमानपत्राच्या जुन्या छायाचित्रकाराकडचा लोखंडी, पेटीसारखा कॅमेरा बघितला. मजबूत होता, स्वस्तही होता. पण त्याची लेन्सची पाटी पुढं झुकत नव्हती. आणि सगळी गोम तिथंच असते. पाटी जराशी पुढं झुकवता आली, तरच पायाजवळचा दगड आणि लांबची टेकडी दोन्ही एकाच वेळी धारदार येतात. शिवाय वजन असं, की टेकडीवर न्यायला हमाल लागला असता. छायाचित्रकार म्हणाला, "पाटी झुकवायची गरजच पडत नाही हो." बाईंनी वहीत लिहिलं, 'नसलेल्या गोष्टीची गरज नाही म्हणतो.'

आणि मग त्यांना तात्यांचा कॅमेरा दिसला.

तात्यांचा स्टुडिओ बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका बाजूला चष्मेवाला, समोर किल्लीवाला. दर्शनी काचेत लग्नाचे फिकुटलेले फोटो, त्यांच्यामधे लाकडी, पितळी कोपऱ्यांचा घडीचा कॅमेरा. हलका, पाटी झुकणारा, रुंद दृश्याची लेन्स लावलेला. बाईंना हवा होता अगदी तसा. किंमत विचारली. तात्यांनी सांगितली ती बाईंनी ठरवलेल्या रकमेच्या थोडी आतच.

दुसरं कुणी असतं तर आनंदानं उडी मारली असती. बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "कुठंतरी पाणी मुरतंय."

"अगं, तुला परवडतोय ना?"

"तेच तर. परवडतोय कसा?"

दुसऱ्या दिवशी त्या चष्मेवाल्याकडं गेल्या. उगाच फ्रेमी बघत विचारलं, "शेजारचे तात्या कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"चांगले म्हणजे?"

"म्हणजे..." चष्मेवाला गोंधळला. "चांगले."

बाहेर येऊन बाईंनी वहीत लिहिलं, 'शेजारी फार बोलत नाही. सामील?'

तिसऱ्या दिवशी तात्यांनाच धरलं. तात्या पंचाहत्तरीचे, किरकोळ अंगाचे, शर्टाच्या खिशात नेहमी एक छोटी कात्री. "स्वस्त का देताय?" बाईंनी तोंडावर विचारलं.

"मला आता उचलवत नाही," तात्या म्हणाले. "आणि गिऱ्हाइकं राहिली पासपोर्ट फोटोची. त्यांना हा कशाला? डोंगरदऱ्यांत हिंडलेला कॅमेरा आहे, दोन वर्षं इथं काचेत धूळ खात बसलाय. जास्त सांगितला तर चालवणारा नेणार नाही. शोभेला ठेवणारे येतात. परवा एकजण आला होता, हॉटेलात मांडायचा म्हणून. दुप्पट देत होता."

"मग?"

"नाही म्हटलं."

'दुप्पट पैसे नाकारतो,' बाईंनी मनात टिपलं, 'का?'

तात्यांनी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला, रस्त्याकडं तोंड करून उभा केला आणि काळं कापड बाईंच्या हातात दिलं. कापडाखाली दुधी काचेवर गल्ली उलटी दिसत होती: खाली आकाश, वर रस्ता, आणि माणसं डोक्यावर चालत चाललेली. पहिल्यांदा बघणारा माणूस इथं हमखास हसतो, नाहीतर मान वाकडी करतो. बाईंनी यातलं काही केलं नाही. जुन्या मोजणीच्या दुर्बिणी सगळं उलटंच दाखवायच्या. अर्धी नोकरी त्यांनी उलटं जग वाचण्यात काढली होती. कापडाखालूनच म्हणाल्या, "समोरच्या किल्लीवाल्याची पाटी एका बाजूला कललीय."

तात्या एकदम खूश झाले. "इतक्या वर्षांत मान सरळ ठेवून बघणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही!" म्हणाले. "न्या हो तुम्हीच. पंधरा दिवस वापरा. नाही पटला तर आणून द्या, पैसे परत."

"असं लिहून द्या."

तात्यांनी पावतीमागं लिहून दिलं, सही केली. इतक्या पटकन लिहून दिलं, याचंही बाईंना वाईटच वाटलं. सरळ माणूस जरा तरी कुरकुरतो.

घरी कॅमेऱ्याची अशी झडती झाली, की चोराची होत नसेल. न्हाणीघरात अंधार करून भात्याच्या आत बॅटरी लावली आणि नवऱ्याला धरायला बसवलं. भात्याला टाचणीएवढं जरी भोक असेल तर उजेड बाहेर येतो. "शेजारच्या वहिनी विचारतायत, दोघं आत काय करताय म्हणून," नवरा अंधारातून म्हणाला. "बॅटरी हलवू नका," बाई म्हणाल्या. भोक निघालं नाही. पुढची पाटी आणि मागची चौकट समांतर आहेत का, ते चारी कोपऱ्यांत मोजून बघितलं. होत्या. मागची दुधी काच चिमट्यांतून सोडवली, बघितली, मग रीतीप्रमाणं उलटी लावून पुन्हा बघितली. उलटी लावल्यावर तिची खरखरीत बाजू बाहेर आली, आणि खरखरीत बाजूवर पेन्सिल छान उमटते असं लक्षात आलं. मग क्षितिज सरळ धरता यावं म्हणून बाईंनी टोकदार पेन्सिलीनं त्यावर बारीक चौकटी आखल्या. झकास आखल्या. सगळं वहीत लिहिलं.

चौथ्या दिवशी पहाटे दोघं टेकडीवर गेले. तिकाटणं नवऱ्याच्या खांद्यावर, कॅमेरा बाईंच्या पाठीवर. दर पन्नास पावलांवर गुडघे बोलत होते. बाईंनी सहा फिल्म काढल्या. खाली खोरं उजळत होतं, आणि कापडाखाली बाईंना ते दुधी काचेवर उलटं, चौकटीचौकटींत, इतकं लख्ख दिसलं, की त्या बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. नवऱ्यानं शेवटी कापडावर टकटक केली. "आहेस ना गं आत?"

फिल्म धुवायला बाहेरगावी पाठवल्या. आठवड्यानं परत आल्या. बाईंनी खिडकीपाशी धरून भिंग लावलं.

सहाच्या सहा फोटो मऊ पडले होते. पायाजवळचा दगड धड नाही, लांबची टेकडी धड नाही. सगळ्यावर ओला बोळा फिरवल्यासारखं. बाईंना राग आला हे खरं. पण खोटं कशाला बोला, रागाच्या आधी त्यांना बरं वाटलं. इतके दिवस जी खोट सापडत नव्हती ती सापडली होती. "बघितलंत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात चक्क उत्साह होता.

त्या तडक स्टुडिओत गेल्या. आत पासपोर्ट फोटोला आलेलं एक कुटुंब बसलं होतं. आई लेकीचा भांग पाडत होती, बाप कॉलरचं बटण लावत होता. चष्मेवाला दारात कुणाशी तरी बोलत उभा होता. बाईंनी कुणाची भीडभाड ठेवली नाही. कॅमेरा टेबलावर ठेवला, फिल्म त्याच्यासमोर पसरल्या.

"लेन्स बदललीत की चौकट? नेमकं काय केलंत ते सांगा."

तात्यांनी फिल्म उजेडात धरल्या. एक, दुसरी, तिसरी. मग कॅमेऱ्याची मागची बाजू वळवून घेतली आणि दुधी काचेवरून बोट फिरवलं. बोटाकडं बघितलं. बोट शर्टाला पुसलं. मग बाईंकडं बघितलं. बाईंनी हे सगळं टिपलं. पुरावा पुसतोय, असं त्यांना वाटलं.

"चूक झाली असेल," तात्या म्हणाले.

"कुणाची?"

"झाली असेल."

"म्हणजे कबूल! पंधरा दिवसांत कळणार नाही असं वाटलं तुम्हाला. बाई माणूस, त्यातून म्हातारी, दोन फोटो काढेल आणि कपाटावर ठेवून देईल! बाहेर पाटीवर 'विश्वासाचं ठिकाण' लिहिलंय, ते आधी पुसून टाका."

तात्यांनी खण उघडून पैसे पुढं ठेवले. बाईंनी ते घेतले. त्या वळल्या तेव्हा भांग पाडणारी आई उठून उभी राहिली होती. "आम्ही नंतर येतो हं," ती तात्यांना म्हणाली. कंगवा पिशवीत टाकला आणि लेकीला घेऊन गेली. बापानं बटण पुन्हा काढलं.

पैसे परत मिळाले म्हणजे प्रकरण मिटलं, असं नवऱ्याचं मत. बाई मात्र टेबलाशी बसून बाजाराच्या संघटनेकडं तक्रारअर्ज लिहायला लागल्या होत्या. दुसरं कुणी फसू नये म्हणून. अर्जाला तारखा हव्यात, तपासणीचा तपशील हवा. बाईंनी वही उघडली.

'भाता, आतून उजेड, ठीक. पाटी व चौकट, चारी कोपरे, ठीक. दुधी काच, सुलट, तपासली. दुधी काच, उलट, तपासली. चौकटी आखल्या.'

आणि त्याखाली काही नव्हतं. बाईंनी पान उलटलं. मागंही काही नव्हतं. पुन्हा तेच पान वाचलं. चौतीस वर्षं 'उलट' या शब्दाखाली त्यांनी दर वेळी, अगदी दर वेळी, 'पूर्ववत' लिहिलं होतं. यावेळी लिहिलं नव्हतं, कारण यावेळी केलंच नव्हतं. काच उलटी लावली, चौकटी आखण्यात रमल्या, आणि काच तशीच राहिली.

फिल्मच्या खोक्यात माहितीचा एक कागद होता. बाईंनी तो 'जाहिरात' म्हणून बाजूला टाकला होता. आता काढून वाचला. चित्र उमटतं ते काचेच्या खरखरीत बाजूवर. ती बाजू लेन्सकडं हवी, म्हणजे फिल्म जिथं बसते नेमक्या त्याच ठिकाणी ती येते. उलटी लावली तर चित्र काचेच्या जाडीएवढं मागं जुळतं, आणि फिल्मवर सगळं मऊ पडतं. काचेची जाडी किती, तर नखाएवढी. नखाएवढ्या चुकीसाठी बाईंनी लोकांना भर उन्हात दुसऱ्यांदा मोजणीला उभं केलं होतं.

मग त्यांना ते बोट आठवलं. खरखरीत काचेवरून फिरवलेलं, मग शर्टाला पुसलेलं. बोटाला पेन्सिलीचं काळं लागलं असणार. म्हणजे तात्यांना तिथंच, त्या क्षणी कळलं होतं.

बाईंना लाज वाटली. साधी नाही, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अर्ज फाडला. पण तरी त्या लगेच उठून गेल्या नाहीत. तीन दिवस घरातल्या घरात घिरट्या घालत राहिल्या. "कळलं होतं तर गप्प का बसले?" चौथ्या दिवशी चहा ओतताना म्हणाल्या. "काहीतरी डाव असेल त्यात. मी तोंडघशी पडावं म्हणून—"

नवरा सहसा आवाज चढवत नसे. त्यानं कप खाली ठेवला. "अगं, तो माणूस चोर नाही एवढंच सिद्ध झालंय," तो म्हणाला. "त्याचं तुला एवढं दुःख का होतंय?"

बाईंनी चहा तसाच सोडला आणि चपला घातल्या.

दुपारची वेळ होती. स्टुडिओत कुणी नव्हतं. तात्या पासपोर्टच्या फोटोंच्या कडा कात्रीनं कापत बसले होते. बाई आत गेल्या, पण बसल्या नाहीत.

"काच मी उलटी लावली होती."

"हो," तात्या म्हणाले.

"तुम्हाला कळलं होतं."

"काचेवर रेघा होत्या. मी कधी आखल्या नाहीत." कात्री चालूच होती. "छान आखल्या होत्यात."

"मग बोलला का नाहीत? सगळ्यांदेखत मी तुम्हाला काय काय बोलले! एका शब्दात माझं तोंड बंद झालं असतं."

तात्यांनी एक फोटो कापून बाजूला ठेवला. "बोललो असतो तर पटलं असतं तुम्हाला?"

बाईंनी तोंड उघडलं. आपण काय म्हणालो असतो हे त्यांना नीट माहीत होतं. शब्द न्‌ शब्द तयार होता. 'आत्ता हातात घेतलीत तेव्हा तुम्हीच उलटवलीत, माझ्या डोळ्यांदेखत!' असंच म्हणाल्या असत्या, आणि आणखी मोठ्यानं.

"नसतं पटलं," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर."

"चुकलं माझं, तात्या."

हे शब्द बाईंनी याआधी कधी उच्चारले होते, ते त्यांना आठवेना. जिभेला सवय नसल्यामुळं ते जरा ओबडधोबड बाहेर पडले. तात्यांनी मान हलवली. "असू द्या," म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि जवळीकही नव्हती.

"ते पासपोर्टवाले परत आले?"

"नाही."

"मी सांगते बाहेर. चष्मेवाल्याला सांगते, सगळ्यांना सांगते."

"सांगा."

बाईंनी पिशवीतून पैशांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "कॅमेरा द्या मला," त्या म्हणाल्या. "त्याच किमतीला. हवं तर जास्त घ्या. पावती नको, लिहूनबिहून काही नको. मी नाही तपासणार. एवढा एक फोटो मला काढायचाय हो. दुसरा कॅमेरा मला परवडणारा नाही, आणि माझे गुडघे..."

कात्री थांबली. तात्यांनी पाकिटाकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि मग पुन्हा हातातल्या फोटोकडं.

"विकला," ते म्हणाले.

"कधी?"

"झाले दोन दिवस."

दर्शनी काचेत कॅमेऱ्याची जागा रिकामी होती, हे बाईंनी येतानाच बघितलं होतं. पण आता त्यांची नजर तात्यांच्या मागं गेली. आतल्या कोपऱ्यात, पडद्याच्या दांडीशेजारी, छातीएवढ्या उंचीचं काहीतरी काळं कापड पांघरून उभं होतं. कापड पुरेसं लांब नव्हतं. खाली तिकाटण्याचे तीन लाकडी पाय दिसत होते, आणि वर, कापड जिथं ताणलं होतं, तिथं एक पितळी कोपरा बाहेर आला होता. तो कोपरा बाईंनी मोजला होता. शंभर कॅमेऱ्यांत ओळखला असता.

दोन पावलं पुढं जायचं आणि कापड उचलायचं, एवढंच काम होतं. असली कापडं त्यांनी आयुष्यभर उचलली होती, आणि खाली काय निघतं हे बघणाऱ्यांच्या तोंडाकडं समाधानानं बघितलं होतं. हात आपोआप उठायला लागला. तात्यांनी मागं वळून बघितलं नाही. पण बाई कुठं बघतायत हे त्यांना कळलं होतं, आणि ते नजर न चुकवता वाट बघत बसले होते.

बाईंनी हात पाकिटावर ठेवला आणि पाकीट पिशवीत टाकलं.

"चांगल्या हातात गेला ना?" त्यांनी विचारलं.

"चांगल्या हातात आहे," तात्या म्हणाले.

"बरं झालं."

बाहेर येऊन त्या चष्मेवाल्याच्या दारात उभ्या राहिल्या. आत दोन गिऱ्हाइकं होती, ती आहेत याची खात्री करून मग मोठ्यानं म्हणाल्या, "परवाची चूक माझी होती. कॅमेऱ्यात काही खोट नव्हती, काच मीच उलटी लावली होती. तात्यांचा त्यात काही दोष नाही." चष्मेवाला "बरं बरं" म्हणाला. समोर किल्लीवाल्यालाही त्यांनी तेच जाऊन सांगितलं. तो किल्ली घासत होता, त्याला दोनदा सांगावं लागलं.

घरी नवरा दारातच होता. "दिला?"

"नाही. विकला म्हणाले."

"विकला?" नवऱ्याला ते पटेना. "दोन वर्षं तिथं पडून होता, आणि आता दोन दिवसांत विकला? काहीतरीच! अगं, कुणाला विकला, विचारलंस? आत डोकावलीस तरी? खरं कशावरून?"

बाई खाली वाकून चपला काढत होत्या. गुडघा दुखत होता, म्हणून भिंतीला हात टेकला होता.

"ते म्हणाले ना," त्या म्हणाल्या. "म्हणजे विकला."